अब्बांचा खड्डा आणि माझे 4200 रुपये

ईद होऊन आठवडा झाला होता. मगरिबची नमाज आटोपून मी सातवीच्या गणिताच्या पेपरांचा गठ्ठा सोडला आणि भाईजानचा फोन आला. "गॅरेजमधला खड्डा बुजवायचा आहे. बॅटरी-इन्व्हर्टरवाला भाड्याने घ्यायला तयार आहे, पण खड्डा नको म्हणतो. गवंडी सगळे मिळून 24 हजार सांगतोय. तुझ्या हिश्श्याला 4200 येतात. पगार झाला की दे."

मी सवयीने "हो" म्हटले आणि फोन ठेवला. मग लाल पेन हातात तसेच राहिले. अब्बांच्या इंतकालाला तेव्हा सव्वादोन वर्षे झाली होती. एवढ्या काळात घरात 'हिस्सा' हा शब्द माझ्या नावापुढे कोणी लावला नव्हता. आता लागला, तोही खर्चाच्या वाटेने.

गणिताची शिक्षिका असल्यामुळे मी आधी आकडा तपासला. 24 हजारांचा आठवा भाग अम्मीचा, म्हणजे 3000. उरले 21 हजार. दोन भाऊ, एक बहीण. भावाला दोन वाटे आणि बहिणीला एक, असे पाच वाटे. एक वाटा 4200. भावांचे 8400, 8400. भाईजानचा हिशेब एका रुपयाने चुकला नव्हता. म्हणजे त्यांना सगळे ठाऊक होते.

परभणीत जिंतूर रस्त्याला अब्बांचे गॅरेज होते. पुढे मोकळी जागा, मागे तीस बाय चाळीसचे पत्र्याचे शेड, आणि शेडच्या मधोमध तो खड्डा. चौदा फूट लांब, तीन फूट रुंद, पाच फूट खोल. गाडी दोन्ही चाके दोन बाजूंना ठेवून वर उभी करायची आणि मिस्त्रीने खाली उतरून तिच्या पोटाखाली काम करायचे. अब्बा पाच फूट चार इंचांचे. त्यांनी खोली स्वतःच्या मापाने ठेवली होती. उंच शागीर्द आला की त्याला मान वाकवूनच काम करावे लागे आणि अब्बा म्हणत, "झुकण्याची सवय चांगली असते."

खड्डा 1979 साली खोदला. मी दोन वर्षांची होते, त्यामुळे हे सगळे ऐकलेले. परभणीची जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत नुसती विटांची भिंत उभी केली तर माती तिला दोन्ही बाजूंनी आत ढकलते. गवंड्याने सांगितले, काळ्या दगडात बांधा, भिंत दीड फुटाची घ्या, मागे मुरूम भरा. खर्च दुप्पट झाला. अम्मीच्या हातातल्या दोन सोन्याच्या बांगड्या त्या दगडात गेल्या. भिंतीला उजव्या हाताला एक कोनाडा होता, दिवा आणि पाने ठेवायला. एका टोकाला तीन पायऱ्या, दुसऱ्या टोकाला बादलीभर खोलगट जागा. पावसात झिरपलेले पाणी तिथे जमायचे आणि आम्ही मुले ते डब्याने उपसायचो.

माझ्या आठवणीतले अब्बा बहुतेक कमरेपासून वरचेच आहेत. शाळेतून आले की जीपच्या खालून त्यांची टोपी दिसायची. दोन्ही हात वर, हनुवटी वर, कोपरातून काळे तेल ओघळत आलेले. जुन्या गाड्यांना ग्रीस मारण्याच्या जागाच इतक्या असत की दर हजार-दीड हजार किलोमीटरला गाडी खड्ड्यावर आणावीच लागे. कापसाच्या हंगामात मानवत-सेलूकडचे ट्रक रांगेने येत. कुणाचे कमानीचे पाटे तुटलेले, कुणाचा जॉइंट वाजतोय, कुणाची क्लच प्लेट गेलेली. तुराबुल हक साहेबांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो. त्या दिवसांत भाड्याच्या जीपा रात्री अकरालाही दारात उभ्या असायच्या. आमची शाळेची फी, माझे डी.एड., भाईजानचे लग्न, सगळे त्या पाच फूट खोलीतून वर आले.

आणि त्याच खोलीत एक मूल जाता जाता राहिले. झरीकडून एक पोरगा शिकायला आला होता, चौदा वर्षांचा. आम्ही त्याला दादा म्हणत असू, आजही म्हणतो. एकदा त्याने अब्बा नसताना खड्ड्यात बसून पेट्रोलने पार्ट धुवायला घेतले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, खड्ड्याच्या तळाशी पाण्यासारखी साचते. माणूस वाकला की त्यात बुडतो आणि त्याला कळतही नाही. अब्बा परत आले तेव्हा दादा भिंतीला टेकून झोपल्यासारखा बसला होता. अब्बांनी श्वास रोखून उडी मारली, काखेत धरून त्याला पायऱ्यांवरून ओढले. उघड्यावर आणून तोंडावर पाणी मारल्यावर तो ओकला आणि शुद्धीवर आला. जवळ पेटती काडी किंवा ठिणगी असती तर दोघेही राहिले नसते. त्या दिवसापासून नियम झाला: पेट्रोल खड्ड्यात उतरणार नाही, फळ्या काढल्यावर थोडा वेळ थांबायचे, आणि एकट्याने कधीच उतरायचे नाही. हे विज्ञान मी पुढे वर्गात शिकवले, पण ते मला अब्बांच्या थरथरणाऱ्या हातांवरून आधी कळले होते.

हळूहळू काम कमी झाले. नव्या गाड्यांचे सांधे सीलबंद, ग्रीसची गरज नाही. मोठ्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपकडे जाऊ लागल्या, तिथे गाडीच वर उचलतात, माणूस खाली उतरत नाही. 2014 साली अॅम्बेसेडर निघणे बंद झाले त्याची बातमी अब्बांनी पेपरातून कापून ठेवली होती. त्याच सुमारास त्यांचे गुडघे गेले. खड्ड्यावर त्यांनी रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर टाकले, मनमाड-परभणी मार्ग ब्रॉडगेज झाला तेव्हा लिलावात घेतलेले, आणि वर खुर्ची टाकून ते बसू लागले. शेवटची सात वर्षे ते आपल्याच खड्ड्यावर बसून होते म्हणायला हरकत नाही.

तर फोननंतरच्या रविवारी आम्ही अम्मीकडे जमलो. घरात आम्ही दखनीत बोलतो, इथे मराठीत लिहिते.

धाकट्याच्या डोक्यात वेगळेच होते. "बुजवायचा कशाला? टाकी करू. पत्र्यावरचे पाणी पाइपाने आत सोडू. नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी येते, टँकरला पैसे देतोच ना." खरे सांगायचे तर मला ही कल्पना फार आवडली. अब्बांचा खड्डा राहिला असता. मी तिथेच वहीवर मांडले. शेड 1200 चौरस फूट, म्हणजे साधारण 111 चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. थोडे वाया गेले धरले तरी मिलिमीटरमागे 90 लिटर. खड्डा 210 घनफूट, म्हणजे जवळजवळ 6000 लिटर. चार चांगल्या पावसांत भरला असता.

धाकट्याने दुसऱ्याच दिवशी तळ धुऊन घेतला आणि दोन ड्रम पाणी ओतून पाहिले. तासाभराने पाण्यावर मोराच्या पिसासारखे रंग पसरले. चाळीस वर्षांचे तेल दगडाच्या सांध्यांत मुरलेले. ते काय दोन बादल्या सोड्याने निघते? अम्मीला बाटलीत भरून दाखवले. तिने वास घेतला आणि म्हणाली, "वुजू तर सोडाच, या पाण्याने अंगणही धुऊ नका." रात्रीतून पाणी चार बोटे उतरलेही होते. गेले कुठे? खालच्या मातीत, आणि शेजाऱ्यांचे बोअर तिथून वीस पावलांवर. मला रात्रभर त्याचीच काळजी. सकाळी उरलेले पाणी पिंपात भरून घेतले. टाकीचा विषय तिथे संपला.

मग भाईजानने स्वस्तातला मार्ग काढला. समोर एका इमारतीचा पाया खोदत होते, तिथली काळी माती फुकट मिळत होती. वर थोडा मलबा, वर काँक्रीट, 9 हजारांत काम. मला त्यात काही खोट दिसली नाही. दादाला बोलावले म्हणून वाचलो.

दादा आता पंचावन्नचा आहे, त्याचे स्वतःचे गॅरेज आहे, तिथे लिफ्ट आहे. तो आला, चप्पल काढून खड्ड्याच्या काठावर बसला आणि पाय आत सोडले. खाली उतरला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "काळी माती घालाल तर पहिल्या पावसाळ्यात खचेल, दुसऱ्या पावसाळ्यात फुगेल. भाडेकरूच्या बॅटऱ्या वर आणि खाली जमीन श्वास घेतेय. मुरूम घाला. सहा-सहा इंचांचा थर, पाणी मारा, धुम्मसने ठोका, मग पुढचा थर. एका दिवसात भरायला गेलात तर पोकळ राहील." 210 घनफूट म्हणजे दोन ब्रासहून थोडे जास्त, पण ठोकून दबतो म्हणून पावणेतीन ब्रास मुरूम लागेल असे त्याने सांगितले. तळाचा गाळ आधी काढायचा, वरची फरशीही नवी करायची. म्हणून पुन्हा 24 हजार. कोपऱ्यातल्या ड्रममध्ये जुने इंजिन ऑइल होते, तेही कुठे ओतू नका म्हणाला. वापरलेले ऑइल 2016 च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडते आणि नोंदणी असलेल्यालाच द्यायचे असते. आमच्या पिंपातले तेलकट पाणीही त्याच्याच ओळखीने त्याच गाडीत गेले.

जाताना तो अम्मीला म्हणाला, "भाभी, बुजवा. माझ्या मनातून तो काही बुजणार नाही, पण बुजवा. शेडात भाडेकरूची लेकरे खेळतील."

म्हणजे खड्ड्याचे ठरले. माझ्या 4200 चे राहिले होते.

इथे मागची एक गोष्ट सांगायला हवी. अब्बांच्या इंतकालानंतर दोन महिन्यांनी भाईजानने स्टॅम्पपेपरवर हक्कसोडपत्र लिहून आणले होते. "फक्त सही, नंतर कटकट नको." मी सही करणार होते. कुणी जबरदस्ती केली नव्हती. आमच्याकडे बहिणी करतातच. माझ्या फुप्पीने केली, मोठ्या खालाने केली. त्याला 'माफ करणे' म्हणतात, जणू भावाने काही गुन्हा केलाय. मनात भीती एकच असते: हिस्सा मागितला तर माहेरचा दरवाजा बंद होईल. ईदला कोण बोलावणार, लेकीच्या लग्नात मामा म्हणून कोण उभे राहणार? त्या दिवशी अम्मी तापाने फणफणली होती, धावपळीत सही राहून गेली आणि कागद अम्मीने तिच्या ट्रंकेत टाकला. माझे काही धैर्य नव्हते त्यात.

पण आता आकडा भाईजानच्याच तोंडून आला होता. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "4200 आणलेत. हे घ्या. भाडे किती ठरलेय?"

"आठ हजार," धाकटा म्हणाला.

"म्हणजे अम्मीचे एक हजार. तुमचे दोघांचे 2800, 2800. माझे 1400."

पंख्याचा आवाज ऐकू येत राहिला. भाईजानच्या कपाळावर आठी आली. "तुला कशाची कमी आहे? दोघांचा पगार आहे." मी म्हटले, कमीचा प्रश्न नाही; तुम्ही खड्ड्याच्या खर्चात मला वारस धरलेत, मग खड्ड्यावरच्या भाड्यात का नाही? सूरह निसाच्या अकराव्या आणि बाराव्या आयतीत जे वाटे सांगितले आहेत त्यांचाच हिशेब तुम्ही केलात. आणि 1937 च्या शरीयत कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे हे खरे, पण आपले गॅरेज काही शेत नाही. शेवटचे वाक्य मी उगाच बोलले. शिक्षिकेची खोड. घरात कलम काढले की माणूस वकील वाटायला लागतो.

भाईजान दुखावले. आणि त्यांचे दुखावणे खोटे नव्हते. अब्बांच्या शेवटच्या आजारात दवाखान्याचा सगळा खर्च त्यांनी केला होता. पुढच्या मोकळ्या जागेत दोन ट्रक उभे राहतात, त्याचे भाडे ते दर महिन्याला जसेच्या तसे अम्मीच्या हातात देतात. हे मी लिहिले नाही तर माझ्याकडून बेइमानी होईल. ते म्हणाले, "अब्बांना दवाखान्यात मी नेले. तेव्हा कुणी वाटे काढले नाहीत."

मी म्हटले, "मग ते आधी वजा करा. वाटण्यांच्या आधी कर्ज फेडायचे असते. किती झाले होते?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मला जागच्या जागी मेल्यासारखे झाले. "बापाच्या दवाखान्याचे पैसे कुणी परत घेतो का? काय बोलतेस तू?" आणि उठून अंगणात गेले.

मला रडू आले. धाकटा मोबाइलमध्ये पाहू लागला. त्याची बायको आत भांडी जोरात ठेवत होती. तेवढ्यात अम्मी उठली, ट्रंक उघडली आणि तो स्टॅम्पपेपर काढून मधे ठेवला. "कर्जाचीच गोष्ट निघाली तर माझ्या दोन बांगड्या आहेत त्या खड्ड्यात," ती म्हणाली. आम्ही तिघेही चपापलो. भाईजान दारात येऊन उभे राहिले. अम्मी हसली. "तीन वर्षांत त्यांनी नव्या करून दिल्या होत्या, पहिल्यापेक्षा जड. माझे काही राहिलेले नाही. हिचे मात्र राहिले आहे. माझ्या वेळी मला कुणी विचारले नाही. माझ्या अब्बांचे शेत कुठे आहे तेसुद्धा मला धड सांगता येत नाही." मग तिने कागद चार वेळा फाडला. स्टॅम्पपेपर जाड असतो, फाडताना तिला जोर लागला.

कुणी काही बोलले नाही. भाईजान आत येऊन बसले आणि म्हणाले, "चहा गार झाला."

भाडेकरारावर चौघांच्या सह्या झाल्या. माझी सही शेवटी. धाकट्याची बायको दोन महिने माझ्याशी तुटक बोलत होती, आता बरी बोलते. तिच्या माहेरीही एक शेत आहे आणि तिला त्याचा विचार पडला आहे असे मला वाटते, पण मी विचारलेले नाही.

मे महिन्यात काम काढले. अम्मीला खुर्ची टाकून दिली. स्लीपर उचलले तेव्हा खालून तोच वास आला, डिझेल, ग्रीस आणि ओलसर दगडाचा, आणि मला वाटले आता जीपच्या खालून टोपी दिसेल. फळ्या तासभर उघड्या ठेवल्या. मग दादा म्हणाला, "एकदा मी उतरतो." भाईजान काठावर उभे राहिले, जुन्या नियमाप्रमाणे. दादाने कोनाड्यात हात घातला. एक चौदा-पंधराचा पाना निघाला, गंजलेला, आणि साबणाची डबी. डबीत अजून साबणाचा तुकडा होता, त्यावर काळ्या बोटांचा ठसा. पाना दादाने मागितला. डबी अम्मीने घेतली.

मुरूम भरायला तीन दिवस लागले. सहा इंच, पाणी, ठोका. पायऱ्या सगळ्यात शेवटी झाकल्या गेल्या.

जूनच्या सात तारखेला भाईजान स्कूटरवरून घरी आले. बसले नाहीत, दारातच खिशातून पाकीट काढले. वर त्यांच्या तिरप्या अक्षरात लिहिलेले: जून, 1400. "मोजून घे," म्हणाले. मी नको नको म्हणत होते. "मोज," ते पुन्हा म्हणाले. मी त्यांच्यासमोर मोजले, आणि मग ते आत येऊन बसले.